एक दाणा कमी

मी तापट माणूस हाय, हे आधीच सांगून टाकतो. सीमाभागातल्या हुलसूरच्या बाजारात माझं बी-खताचं दुकान हाय. गिऱ्हाईक नसलं की मला नुसतं बसवत न्हाई. इकडची पोती तिकडं करतो, लावलेल्या पुड्या पुन्हा लावतो, बाहेर येऊन रस्ता बघतो, आत जाऊन पंखा वाढवतो. माझी बायको पल्लवी म्हणती, तुमच्या बुडाखाली मुंग्या हायत का? असतील. आमच्या घराण्यातच हायत. आणि जिची गोष्ट मी सांगायलोय ती माझी धाकटी बहीण मंजुश्री, तिच्या तर पायाला जन्मापासून भिंगरी.

लहानपणी मंजू शाळा सुटली की घरी न जाता थेट दुकानात यायची. गल्ल्यावर आमचे वडील, अप्पा असायचे. गिऱ्हाईकाचं सामान सांगून व्हायच्या आत हिची बेरीज तयार, आणि अप्पा आपले कागदावर आकडे मांडत बसलेले. वर तोंड तिखट. कन्नडवाला आला की कन्नडात भांडायची, दखनीवाला आला की दखनीत, आणि दोघं गेले की आमच्याशी मराठीत. अप्पा म्हणायचे, ह्या पोरीच्या डोक्यात बिऱ्हाडं लई हायत, पण एकाचा गलका दुसऱ्याला ऐकू जात न्हाई. तीच पोरगी पुढं कलबुर्गीला इंजिनिअर झाली आणि पुण्याला सॉफ्टवेअरच्या कंपनीत लागली. अप्पा गेले ते तिची नोकरी बघून गेले, एवढं तरी देवानं बरं केलं.

गेल्या उन्हाळ्यात ती जत्रेला म्हणून गावाकडं यायली होती. पुण्याच्या गाडीतून हुमनाबादला उतरली, बॅग खांद्याला लावून रस्ता ओलांडायली, आणि एका मोटरसायकलवाल्यानं उडवली. हातपाय शाबूत राहिले, डोकं दुभाजकावर आपटलं. सोलापूरला नेली. टाके पडले, सूज उतरली, जिवावरचं टळलं. मी डॉक्टरला विचारलं, आधीसारखी व्हईल का? ते म्हणले, बरंच येईल हळूहळू, पण सगळं येईल असं मी लिहून देणार नाही. माझं टाळकं फिरलं. मी तिथंच त्यांच्याशी भांडण काढलं, आणि आमच्या मायनं मला दंडाला धरून बाहेर आणलं.

घरी आली ती निराळीच मंजू होती. बोलता बोलता मधीच थांबायची. हातात चमचा धरून "ते, ते खायचं" असं करायची, आणि चमचा हा एवढासा शब्द सापडंना म्हणून डोळ्यांत पाणी. दूध गॅसवर ठेवून अंगणात जायची आणि कामून आले ते विसरायची. पण ह्या सगळ्यापेक्षा वाईट एक खोड लागली. काहीही झालं की म्हणायची, "माझंच चुकलं." दूध उतू गेलं, माझंच चुकलं. पल्लवीनं डाळीत मीठ दोनदा घातलं, तरी माझंच चुकलं. एकदा लाईट गेली तर अंधारात हळूच विचारती, माझं काय चुकलं का? आमची माय राजूबाई लई खंबीर बाई. अप्पा गेले त्या दिवशीसुदा तिनं आम्हा दोघांना सावरलं. पण लाईट गेली त्या रात्री ती न्हाणीत जाऊन दार लावून रडली.

कंपनी भली म्हणायची. रजा वाढवून दिली. पण किती वाढवणार? शेवटी त्यांचा निरोप आला की दिवाळीच्या आत काय ते कळवा, येणार का न्हाई. मंजूनं धीर करून लॅपटॉप उघडला, जुनं काम काढलं, आणि बघतच राहिली. आपल्याच हातानं लिहिलेलं तिला वाचता येईना. वरची ओळ धरली की खालची सुटायली, खालची धरली की वरची. तिनं लॅपटॉप मिटला आणि अंगणात फेऱ्या घालायला लागली. तुळशीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून तुळशीपर्यंत. इकडं दुकानात मी पोती हलवायलो, तिकडं ती अंगण तुडवायली. घरात कुणी जागेवर बसलेलं दिसंना.

श्रावणातली गोष्ट. सकाळी सकाळी बाईसाहेब लॅपटॉप घेऊन दुकानात आल्या आणि युरियाच्या पोत्यावर मांडी घालून बसल्या. म्हणली, घरात सगळे माझ्या तोंडाकडं बघायलेत, मी इथं बसून काम करती. मला बरं वाटलं. विचारलं, कसलं काम? तर म्हणती, मी एक भाषा करायली.

मला वाटलं, झालं, गेली पोरगी. तिनं मग मला समजावून सांगितलं. म्हणली, कंप्युटरच्या भाषा असतात ते तुला ठावं हाय. बहुतेक कामाच्या असतात. पण जगात असलेबी लोक हायत, जे मुद्दाम बिनकामाची भाषा काढतात. कुणी चारच चिन्हांची, कुणी डोळ्यांना दिसतच न्हाई असली. कोड्यासारखा खेळ असतो तो, हौशी लोकांचा. तसली भाषा नुसती कागदावर काढून भागत न्हाई. त्या भाषेत लिहिलेलं मशिनीला कळायचं तर मधी एक अर्थ सांगणारा लागतो. एकेक चिन्ह वाचायचं आणि त्यात सांगितलंय तेवढं करायचं, हे त्याचं काम. तो अर्थ सांगणारा मी बांधायली.

अमृतप्पा तिथंच बाकड्यावर चहा प्यायलेले. हे आमचे शेजारी, रानही आमच्या रानाला लागून. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्हींत सारखेच गोड. तहसीलला नवा साहेब आला आणि त्याला मराठी येत नसली, की आमच्याकडची म्हातारी माणसं अमृतप्पांना संगट घेऊन जातात. साहेब कन्नडात बोलतो, हे मराठीत सांगतात. म्हातारा मराठीत शिव्या घालतो, हे त्यातलं निम्मं गाळून कन्नडात सांगतात. म्हणून तर सगळ्यांची कामं होतात. मंजू त्यांना म्हणली, काका, मला मशिनीसाठी एक अमृतप्पा करायचाय, पण गाळणारा न्हाई पायजे. जेवढं लिहिलंय तेवढंच आणि तसंच सांगणारा पायजे. अमृतप्पा म्हणले, मग त्याला तहसीलात कुणी उभं करणार न्हाई.

ती हसली. अपघातानंतर पहिल्यांदा हसली. तरी मी भडकलोच. म्हणलो, अगं, कामाच्या भाषा शिकायला पोरं पुण्या-बेंगळूरला जाऊन खोल्या घेऊन राहतात, आणि तू येत होतं ते सोडून बिनकामाची भाषा करायलीस? ही नसती उठाठेव कुणी सांगितली? दिवाळी कुठं आली ते बघ जरा. गिऱ्हाईक दाराशी उभं होतं, त्याच्यादेखत बोललो. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग लॅपटॉपवरची नजर न काढता बोलली.

"अण्णा, कंपनीचं काम गावाएवढं हाय. त्यात शिरले की मी हरवती. म्हणून ओंजळीएवढी भाषा काढली. ती अख्खी माझ्या डोक्यात मावली पायजे. मावली तर मी कंपनीला व्हय म्हणती. न्हाई मावली, तर मला कळंल की आता आत जागाच न्हाई."

गिऱ्हाईकानं मागितलं होतं एक औषध आणि मी दिलं भलतंच. तो बिचारा परत आला तेव्हा बदलून दिलं.

तिच्या भाषेचं नाव 'पेरा'. कागदावर चौकटी आखायच्या, जसं रान. एकेका घरात एकेक अक्षर. अक्षरं पाचच. एका रांगेत रिकाम्या टोपल्या मांडल्यात असं धरायचं. ब आला की समोरच्या टोपलीत एक दाणा टाकायचा. क आला की एक काढायचा. स आला की पुढच्या टोपलीकडं सरकायचं, म आला की मागच्या टोपलीकडं यायचं. आणि ह आला की हाळी द्यायची, म्हंजे त्या टोपलीत किती दाणे हायत ते मोठ्यानं सांगायचं. झाली भाषा. एक धड शिवी देता येत न्हाई असली भाषा.

पण ती मशिनीला शिकवायची म्हणली की बघा मजा. आपल्याला जे सांगावं लागत न्हाई ते सगळं मशिनीला सांगावं लागतं. मंजू सकाळी एक गोष्ट बांधायची, दुपारी ती कामून बांधली ते विसरायची, संध्याकाळी मोडून टाकायची. दुकानात उठबस चालूच. दोन ओळी लिहायची, उठून रस्त्यापर्यंत जायची, परत यायची. ती उठली की मी उठायचो. अमृतप्पा म्हणले, तुमी दोघं बहीणभाऊ दुकानात हाव का फुगडी घालायलाव?

एके दिवशी ती अडली. टोपली रिकामी हाय आणि क आला, तर काय करायचं? नसलेला दाणा काढायचा कसा? ह्याच्यावर तिनं दोन दिवस घातले. शून्याच्या खाली जाऊ द्यायचं, का थांबून ओरडायचं? जेवतानासुदा तेच. माय भाकरी थापायली होती. तिनं हात न थांबवता विचारलं, काय म्हणती गं ही? मी सांगितलं. माय म्हणली, रिकाम्या टोपलीत हात घातला तर हात रिकामा येतो, त्यात काय इचारायचं? मंजू तशीच उष्ट्या हातानं उठली आणि तेवढं लिहून आली. रिकाम्या टोपलीतून काढलं तर टोपली रिकामीच राहावी. मायला आपण काय केलं ते कळलं न्हाई, पण त्या दिवशी मंजूनं अजून अर्धी भाकरी मागून घेतली, तेवढं तिला कळलं.

पोळ्याच्या सुमारास अर्थ सांगणारा उभा राहिला. मंजूनं तीन ब आणि एक ह लिहिला, बटण दाबलं, आणि पडद्यावर तीन आलं. मी म्हणलो, एवढ्यासाठी? पण माझा आवाज चिरकला होता, खोटं कामून सांगू? तिनं आणखी पेरे लिहिले. दोन टोपल्यांचे, चार टोपल्यांचे, पाच-पाच ओळींचे. सगळे बरोबर यायले. तरी तिचं समाधान होईना. म्हणली, माझं लिहिलेलं मला पाठ हाय. मी चुकले तर लिहितानाही तेच चुकणार आणि वाचतानाही तेच. दुसऱ्यानं लिहिलेलं चाललं तरच खरं. अण्णा, तू लिही. मी बघणार न्हाई.

मी सूर्यफुलाच्या बियाण्याचं एक जुनं पोस्टर पालथं केलं. तिनं त्याच्यावर पट्टी धरून घरं आखून दिली, एका ओळीत पाच, अशा दोन ओळी. आणि ती माझ्याकडं पाठ फिरवून बसली. काय लिहावं? आमच्या रानात सोयाबीनच्या सहा ओळींमागं तुरीची एक ओळ असते. म्हणलं, हेच वदवू. आधी सहा म्हणायला लावायचं, मग एक. जीभ बाहेर काढून शाळेतल्या पोरासारखा मी अक्षरं टाकत गेलो. सहा दाणे, हाळी. सरक, एक दाणा, हाळी. एक ओळ भरली, वळलो, दुसरी भरली. दहा घरं, दहा अक्षरं, एक घर उरलं न्हाई. मला माझंच कौतुक वाटलं.

मंजूनं कागद समोर ठेवला आणि घरं जशी होती तशी पडद्यावर उतरवली. बटण दाबायच्या आधी तिनं माझा हात धरला.

पडद्यावर आलं, पाच. आणि खाली, शून्य.

मी म्हणलो, हे काय? सहा आणि एक यायला पायजे. सहाच्या जागी पाच, एकाच्या जागी शून्य. दोन्हीकडं एक दाणा कमी. माझ्या तोंडून निघून गेलं, तुझा अमृतप्पा दाणे खायलाय वाटतं. मी आपली मस्करी केली. पण ती पांढरीफटक पडली. म्हणली, "माझंच चुकलं." पुन्हा तेच.

पहिल्यांदा तिनं सगळं तपासलं. अर्थ सांगणाऱ्याची एकेक ओळ वाचली. मग मला म्हणली, अण्णा, तुझं एकदा बघतोस का? मी कागद घेतला, बोट फिरवलं. ब, ब, ब, ब, ब, ब, ह, स, ब, ह. बरोबर. म्हणलो, माझं बरोबर हाय. तिनं पुन्हा तिचं तपासलं. तिचे जुने सगळे पेरे चालवले, सगळे बरोबर आले. माझ्याच पेऱ्यात दाणा कमी. तिनं पुन्हा विचारलं, अण्णा, अजून एकदा बघतोस? दुकानात गर्दी होती, एक माणूस उधारीवरून डोकं खायलेला. मी ओरडलो.

"चारदा बघितलं. सहा म्हंजे सहा हायत. मला मोजता येतंय!"

तोंडातून शब्द गेला तेव्हाच मला कळलं कुठं लागला ते. मला मोजता येतंय, म्हंजे कुणाला येत न्हाई? तिनं लॅपटॉप मिटला, पदरासारखी ओढणी डोक्यावरून घेतली आणि घरी गेली. मी गिऱ्हाईक सोडून मागं पळायला पायजे होतं. न्हाई पळालो.

त्यानंतर ती दुकानात आली न्हाई. घरी बसून तेच तेच तपासायली. पल्लवी सांगायची, जेवणाचं ताट तसंच राहायलंय, मधीच उठती आणि अंगणात चालती. मला दुकानात चैन न्हाई. कुणाला खत जास्त घातलं, कुणाशी उगाच वाद काढला. घरी आलो की ती वर बघायची न्हाई. मी म्हणलो, जाऊ दे गं, एक दाण्यानं काय होतंय? तर म्हणली, एक दाणा कुठं पडतोय ते मला दिसत न्हाई, हेच तर बघायला मी बसले होते. जे दिसत न्हाई ते मी कंपनीत कसं शोधू?

आणि मग तिनं कंपनीला न येण्याचा मेल लिहिला. मला वाचायला दिला. लई नीट लिहिला होता, आभार मानले होते, सगळ्यांची नावं बरोबर होती. मी म्हणलो, पाठवू नको. ती म्हणली, आता दुसरं काय हाय माझ्याजवळ? मायला लिहिलेलं कळत न्हाई, पण आमची तोंडं कळतात. ती म्हणली, उद्या ओढ्याकडच्या पट्टीत जोंधळा पेरायचाय, घरात एकटी बसू नकोस, तूबी चल. जे पाठवायचं ते परवा पाठव.

ओढ्याकडची पट्टी चिंचोळी हाय, तिथं ट्रॅक्टर वळत न्हाई. म्हणून दरवर्षी अमृतप्पांची बैलजोडी आणि पेरायची तिफण मागून आणतो. ती बैलं पक्की कन्नड. 'चल' म्हणलं तर कान हलवत न्हाईत, 'नडी' म्हणलं की निघतात, 'निल्लू' म्हणलं की थांबतात. मी कासरा धरला. माय मागं चालत तिफणीच्या चाड्यात, म्हंजे त्या लाकडी वाटीत, मुठीनं बी सोडायली. लॅपटॉप घरी, पोस्टर दुकानात. मंजू धुऱ्यावरच्या, म्हंजे बांधावरच्या बाभळीखाली बसली होती.

बसली म्हंजे किती वेळ बसणार? आमच्या घरातली. उठली आणि धुऱ्याधुऱ्यानं फेऱ्या मारायला लागली. आम्ही रानातून जायलो, ती कडेनं चालायली. आम्ही त्या टोकाला वळलो, ती वळली. आम्ही आलो, ती आली. ऊन चढायलं होतं. मी बैलांवर कन्नडात ओरडायलो, मनात स्वतःवर मराठीत ओरडायलो. उद्या ती तो मेल पाठवणार होती, आणि आपल्याला जमत न्हाई असं तिला वाटायला लावणारा मीच होतो.

आणखी एक-दोन वळणं झाली आणि माझ्या ध्यानात आलं की ती चालत न्हाई. उभी हाय. आमच्याकडं न्हाई, बैलांच्या पायांकडं बघायली. आम्ही टोकाला आलो, मी जोडी वळवली, तर ती रानात उतरून बैलांपुढं उभी राहिली. मी "निल्लू, निल्लू" करत कासरा ओढला. म्हणलो, मरायचंय का तुला?

ती म्हणली, "अण्णा, त्या कागदावर पहिली ओळ भरल्यावर दुसरी कुठनं धरलीस?"

मला प्रश्नच कळंना. "कुठनं म्हंजे? जिथं पहिली संपली तिथनं. मग काय रिकामी तिफण उचलून पुन्हा त्या धुऱ्यापासनं सुरू करायचं? तसं कोण पेरतंय?"

तिनं डोळे मिटले. समोर कागद न्हाई, लॅपटॉप न्हाई, काही न्हाई. एका हाताची बोटं मिटायली आणि उघडायली, ओठ हलायले. मग डोळे मिटूनच सांगायला लागली. तू पहिली ओळ डावीकडनं उजवीकडं लिहिलीस, पाच दाणे. मग वळलास. दुसरी उजवीकडनं डावीकडं लिहिलीस. मशीन वळत न्हाई, ते पुस्तकासारखं पुन्हा डावीकडनं धरतं. म्हंजे त्याला दुसरी ओळ उलटी मिळाली. तुझा सहावा दाणा पडायच्या आधीच त्यानं हाळी दिली, म्हणून पाच. मग दाणा टाकला, सरकलं, पुढच्या टोपलीत काही टाकायच्या आधीच हाळी दिली, म्हणून शून्य. दाणे सगळे पडले, अण्णा. एकही हरवला न्हाई. हाळ्या तेवढ्या आधी झाल्या.

आता मी काही अडाणी न्हाई. पेपर रोज वाचतो, डावीकडनंच वाचतो. पण तिनं रान म्हणलं, घरं आखून दिली, दाणे टाक म्हणली, आणि माझा हात रानात असल्यासारखा गेला आणि टोकाला जाऊन वळला. नंतर चारदा बोट फिरवलं ते बोटही तसंच वळलं. मला ते जन्मात दिसलं नसतं. मशिनीलाही दिसलं नसतं. ते तिला दिसलं, आणि तेही डोळे मिटून. पाच अक्षरं, दहा घरं, दोन टोपल्या, माझी वाट आणि मशिनीची वाट, सगळं एकदम तिनं आत धरलं होतं.

तिनं डोळे उघडले. म्हणली, घरी गेले की तो मेल पुसून टाकती.

माय मागं तिफणीपाशी उभी होती. मूठ अजून चाड्यावरच होती, आणि बैलं थांबलेली असून तिच्या मुठीतून बी एकाच जागी सांडायलं होतं. तिला टोपल्या कळल्या नव्हत्या, हाळ्या कळल्या नव्हत्या. तिनं घाबरून विचारलं, काय झालं गं? कुणाचं चुकलं?

इतके महिने ह्या प्रश्नाचं आमच्या घरात एकच उत्तर होतं. मी डोळे मिटून घेतले.

"अण्णाचं चुकलं, माय," मंजू म्हणली.

मायनं मूठ सोडली. ती तशीच तिफणीनं ओढलेल्या तासात खाली बसली, मातीच्या हातानं तोंड पुसलं, आणि मंजूकडं बघत म्हणली, "पुन्हा म्हण."

"अण्णाचं चुकलं."

माय माझ्याकडं वळली. मी आजवर दुकानात, घरात, तहसीलात, कुठंच कुणाला हे म्हणलेलं न्हाई, पल्लवीला विचारा. पण त्या दिवशी भर रानात, अमृतप्पाच्या बैलांदेखत, मी दोनदा म्हणलो.

"व्हय माय, माझंच चुकलं. माझंच चुकलं."